काळी सेडान, विश्रामबागचं वॉशिंग सेंटर आणि पॉलिशिंग मशीनची निवड: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सांगलीत दोन सख्ख्या भावांनी चालवलेल्या वॉशिंग सेंटरचं आहे. त्यांना विचारूनच लिहितोय. नावं, सेंटरची नेमकी जागा आणि गाडीची कंपनी वगळली आहे, बाकी घडलं तसं. मी बरीच वर्षं बॉडीशॉपमध्ये रंगाच्या शेवटच्या हातावर, म्हणजे रबिंग-पॉलिशवर, काम केलं. आता छोट्या सेंटरवाल्यांना तेच काम शिकवतो. या प्रकरणात सल्ला माझा होता, त्यामुळे त्यातल्या दोन चुकाही माझ्या आहेत. त्या जागच्या जागी येतीलच.

पार्श्वभूमी

सेंटर विश्रामबागच्या बाजूला, सांगली-मिरज रस्त्यालगत आहे. दोन रॅम्प, एक प्रेशर पंप, टायरच्या हवेसाठी घेतलेला कॉम्प्रेसर आणि मागे पत्र्याची उघडी शेड. थोरला गिऱ्हाइकं आणि हिशेब बघतो, धाकटा प्रत्यक्ष काम. हाताखाली दोन पोरं. ही पोरं टिकत नाहीत. सहा महिने, फार तर वर्षभर काम करतात आणि कुपवाडच्या एमआयडीसीत कुठंतरी चिकटतात. ही गोष्ट इथं मुद्दाम सांगतोय, कारण पुढं मशीन ठरवताना तिचं वजन वॉटेजपेक्षा जास्त पडलं.

आपल्या भागात गाडीच्या रंगाला सुख कमीच. उन्हाळ्यात काळ्या रानाची बारीक धूळ बसते. उसाच्या हंगामात पाचट पेटवलं की काळी राख उडत येते आणि रात्रीत बोनेटवर थर साचतो. बोअरच्या पाण्यातले क्षार उन्हात वाळले की पांढरे ठिपके उठतात. २०१९ च्या महापुरानंतर तर गाळ बसलेल्या गाड्या लोकांनी घाईघाईनं कोरड्या गोणपाटानं पुसल्या. त्या गाड्यांच्या दारांवरचे ओरखडे आजही ओळखू येतात. धूळ, राख किंवा गाळ नुसता बसून रंगाला चरे पाडत नाही. आपण तो कोरडा पुसतो, तेव्हा चरे पडतात.

या सेंटरच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक मिरजेच्या डॉक्टर मॅडम. गाडी काळी सेडान, सहा वर्षांची, कुठं ठोकलेली नाही. सोसायटीचा वॉचमन रोज सकाळी सहा वाजता एकाच फडक्यानं सगळ्या गाड्या पुसायचा. एका रात्री पेट्रोल पंपावर पांढऱ्या दिव्याखाली मॅडमना बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसल्या. दुसऱ्या दिवशी त्या सेंटरवर आल्या आणि विचारलं, "हे जाईल का?"

या रेघा गोल नसतातच, हे इथंच सांगून टाकतो. हजारो सरळ-तिरपे बारीक चरे सगळ्या दिशांना पडलेले असतात. दिव्याभोवती जे प्रकाशाला आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसतं. दिवा सरकवला की वर्तुळही त्याच्यामागं सरकतं. काळ्या, गडद निळ्या, मरून गाडीवर ते लगेच उठून दिसतं. पांढऱ्या गाडीवरही चरे तितकेच असतात, फक्त दिसत नाहीत.

अडचण

भावांकडं तेव्हा पॉलिशचं मशीन नव्हतं. त्यांनी गाडी ओळखीच्या पेंटर मिस्त्रींकडं दिली. मिस्त्री जुने, हात चांगला. त्यांच्याकडं रोटरी बफिंग मशीन आणि लोकरीचं पॅड होतं. चार तासांत गाडी परत आली ती आरशासारखी. मॅडम खूश, भाऊ खूश.

तीन वॉशनंतर गाडी पुन्हा आली. जाळी बरीचशी परतली होती. शिवाय बोनेटवर आणि डिकीवर नवीन काहीतरी होतं: उन्हात बघितलं की लांबट, धुरकट पट्टे, आणि आपण चालत गेलो की तेही सरकणारे. धंद्यात याला होलोग्राम म्हणतात. रोटरीवर लोकरीचं किंवा कडक पॅड फिरवलं आणि नंतर मऊ पॅडचा हात दिला नाही, की हे पट्टे राहतात.

मग पहिल्या दिवशी गाडी इतकी सुंदर कशी दिसली? कंपाउंडमध्ये, म्हणजे घासायच्या जाडसर पेस्टमध्ये, तेलकट भर असते. ती चऱ्यांमध्ये जाऊन बसते आणि वरून सपाट दिसतं. शाम्पूच्या दोन-तीन धुण्यांत ती निघून जाते. मिस्त्रींनी फसवलं नव्हतं. त्यांनी आयुष्यभर नव्यानं मारलेल्या रंगावर रबिंग केलं होतं आणि तिथं ती पद्धत चालते. सहा वर्षांच्या, कंपनीच्या पातळ रंगावर हिशेब वेगळा असतो, इतकंच.

मॅडमनी भांडण केलं नाही. "पैसे घ्या, पण नीट करा," एवढंच म्हणाल्या. थोरल्यानं पैसे घेतले नाहीत, मला फोन केला आणि म्हणाला, "सर, आम्हाला आमचं मशीन घ्यायचंय. कुठलं घेऊ?"

पहिला निर्णय: मशीनआधी रंग मोजायचा

मशीनचं नाव मी फोनवर सांगितलं नाही. हे काम शिकताना कुणी मला जे सांगितलं नव्हतं ते त्यांना सांगितलं: आधी बघू की काढायला काही शिल्लक आहे का.

कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्याच्या वर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर असतो. मिस्त्री त्याला लॅकर म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर ३५ ते ५० च्या आसपास. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरात आपल्याला काम करायचं, तो केसाहून पातळ. पॉलिश करणं म्हणजे चरे भरणं नाही. चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर घासून खाली आणणं, म्हणजे पॉलिश. गेलेला क्लिअर परत येत नाही, आणि उन्हापासून खालच्या रंगाला तोच वाचवतो.

रात्री शेडमध्ये ट्यूब बंद करून टॉर्चखाली आम्ही गाडी बघितली. जिथं चरा जास्त दिसला तिथं नखानं चाचपलं. नख अडकलं तर तो चरा मशीननं जाणारा नाही, हा साधा नियम. डाव्या मागच्या दारावर असा एक होता, बहुतेक किल्लीचा. मग माझा जाडी मोजायचा गेज लावला. टप आणि बाकीची दारं ११५ ते १२५ मायक्रॉन. डाव्या मागच्या दारावर २६० आलं, म्हणजे ते दार कधीतरी रंगवलेलं होतं. "कुठं ठोकलेली नाही" ही माहिती तिथंच बाद झाली. मॅडमनाही ते ठाऊक नव्हतं. बोनेटच्या मध्यावर १०४ आणि पुढच्या कडेला, जिथं मिस्त्रींचं लोकरीचं पॅड वळलं होतं, ८३.

हा ८३ चा आकडा धाकटा बराच वेळ बघत राहिला. मला वाटतं त्याच्यासाठी मशीनचा निम्मा निर्णय तिथंच झाला.

गेजविषयी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. हा गेज सगळे थर मिळून एकच आकडा देतो, क्लिअर वेगळा सांगत नाही. वर दोन-तीन मायक्रॉनची चूकभूल धरावी लागते. हलक्या पॉलिशनं निघतो तोच मुळात एक-दोन मायक्रॉन. म्हणून "आधी मोजलं, नंतर मोजलं, काहीच गेलं नाही" असं म्हणण्यात अर्थ नाही. गेजचा खरा उपयोग कुठलं पॅनल रंगवलेलं आहे आणि कुठं आधीच पातळ झालं आहे, हे कळण्यापुरता. प्लास्टिकच्या बंपरवर हा गेज चालतच नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय धाकट्यानं आधीच हेरून ठेवला होता: शेडमध्ये पडलेला अँगल ग्राइंडर आणि त्याला बसणारं फोमचं पॅड. खर्च जवळजवळ शून्य. मी त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतो. १२५ मिमीचं पॅड लावलं तर पॅडची कड सेकंदाला सुमारे ७२ मीटर वेगानं रंगावरून जाते. रोटरी पॉलिशर १५० मिमी पॅडनं १,५०० फेऱ्यांवर चालवला तर हाच वेग सुमारे १२ मीटर. ग्राइंडर पत्रा कापायला आणि वेल्डिंग घासायला बनवलेला आहे. रंगावर तो धरला की क्लिअर पोळतो, आणि पॅड सुटून उडालं तर पोरगं जखमी होतं. हा पर्याय पाच मिनिटांत संपला.

ड्रिलला लावायचं पॅड आणि दोन हँडलचं, टोपीसारखं कापड घालायचं स्वस्त मशीन, हेही चर्चेत आले. ड्रिलचा तोल राहत नाही. त्या दुसऱ्या मशीननं मेण पसरतं, पण त्यानं चरा कापला जात नाही. त्यांवर जास्त वेळ घालवला नाही.

उरले खरे दोनच: रोटरी आणि ड्युअल अॅक्शन, ज्याला सगळे डीए म्हणतात.

रोटरीत पॅड एकाच आसाभोवती, मोटरच्या जोरावर फिरतं. कापतो भरपूर आणि वेळ वाचतो. पण एका जागी थांबलं की उष्णता साचते, आणि कडेवर तिरपं झालं की क्षणात क्लिअर जातो. डीएमध्ये पॅड छोट्या वर्तुळात हलतं आणि त्याच वेळी स्वतःभोवती मोकळं फिरतं. जास्त दाबलं किंवा तिरपं धरलं की ते स्वतःभोवती फिरणं थांबवतं आणि नुसतं थरथरतं. शिकणाऱ्याला हा दोष वाटतो. मला तो या मशीनचा सगळ्यात मोठा गुण वाटतो, कारण हात चुकला की कापणं आपोआप मंदावतं. पॅड नेहमी वेगवेगळ्या वाटेनं जात असल्यामुळे होलोग्रामही जवळजवळ पडत नाहीत.

मिस्त्री स्वतः आले होते. त्यांना बोलावण्याचा आग्रह माझाच होता, कारण त्यांच्या पाठीमागं त्यांच्या कामाची चिरफाड करणं मला बरं वाटत नव्हतं. त्यांनी डीए हातात घेऊन चालवलं आणि म्हणाले, "ह्यानं काय हुतंय वं? नुसतं गुदगुल्या केल्यागत वाटतंय. आमच्या मशीननं एका दिसात दोन गाड्या हुत्यात."

ते चुकीचं बोलत नव्हते. नवीन क्लिअर मारल्यावर धुळीचे कण वॉटर पेपरनं, म्हणजे ओल्या बारीक सँडपेपरनं, काढतात, त्यानंतर ती पेपरची रेघ काढायला रोटरीइतकं जलद काही नाही. मी त्यांना विचारलं, "मिस्त्री, तुमचं मशीन तुमच्या हातात ठीक आहे. पण उद्या या पोरांच्या हातात दिलं तर?"

मिस्त्री पोरांकडं बघून म्हणाले, "त्यांच्या न्हाय द्यायचं."

दुसरा निर्णय: भंगारातलं बोनेट

माझा आग्रह होता की निर्णय बोलण्यावर नको, पॅनलवर व्हावा. मिरजेतल्या भंगारवाल्याकडून एक काळं बोनेट आणलं. पोचे पडलेलं होतं, पण रंग कंपनीचा. त्यावर चिकटपट्टीनं चार भाग पाडले. माझी रोटरी, माझं १५ मिमीचं डीए आणि एका मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेलं २१ मिमीचं डीए, अशी तीन मशीनं होती.

धाकट्यानं रोटरी धरली. सपाट भागात चांगली चालवली. मग बोनेटच्या मधल्या उठावदार रेघेवर गेला आणि मिनिटभरात पॅडवर काळा रंग आला. क्लिअर संपून बेस लागला होता. त्यानं काही बेफिकिरी केली नव्हती. उठावाच्या रेघेवर आणि कडांवर रंग मुळातच पातळ बसतो, आणि पॅडचा सगळा दाब त्या रेघेवरच येतो. म्हणून अशा जागांवर आधी चिकटपट्टी लावतात आणि मशीन त्यावरून नेत नाहीत. ते डॉक्टर मॅडमचं बोनेट असतं तर सेंटरला नवीन रंगाचा खर्च आला असता.

त्याच रेघेच्या दुसऱ्या अंगाला १५ मिमीचं डीए चालवलं. बराच वेळ लागला, पण रंग शाबूत राहिला.

आता १५ की २१? हा आकडा म्हणजे पॅड ज्या छोट्या वर्तुळात हलतं त्याचा व्यास. वर्तुळ मोठं तसा एका झटक्यात जास्त भाग घासला जातो आणि मोठ्या सपाट पॅनलवर काम मऊ, जलद होतं. २१ मिमीचं मशीन टपावर अक्षरशः लोण्यासारखं चाललं. पण आपल्याकडच्या हॅचबॅकची दारं, हँडलभोवतीचे खळगे, बंपरची वळणं यांवर ते वारंवार थांबत होतं. पॅडमागच्या प्लेटवर मार्करनं एक काळी रेघ मारून ठेवली की हे बघता येतं: रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतंय, एका जागी थरथरली तर नुसता वेळ आणि वीज जातेय. १५ मिमीवर रेघ फिरत राहिली.

गिअरनं सक्तीनं फिरणारं डीएही असतं. ते थांबत नाही आणि कापतंही जास्त. पण चुकलेल्या हाताला जी माफी साधं डीए देतं, ती त्यात कमी होते. पोरं सतत बदलणाऱ्या सेंटरसाठी मी त्याची शिफारस केली नाही. एकच अनुभवी माणूस वर्षानुवर्षं काम करणार असता, तर कदाचित केली असती.

शेवटी १५ मिमीचं, पाच इंची प्लेटचं, वेग कमी-जास्त करायचा डायल असलेलं डीए ठरलं. वजन साधारण अडीच किलो. वजन मी दोघांनाही उभ्या दारावर दहा मिनिटं धरून अजमावायला लावलं. दुकानात टेबलावर ठेवलेलं मशीन सगळ्यांनाच हलकं वाटतं.

पैसे कुठं चुकले

त्यांच्याकडं पंचवीस हजार होते. थोरल्यानं विचारलं, "सर, चांगलंच घेतो, एकदाच होऊन जाऊ दे," आणि मी हो म्हणालो. एकोणीस हजारांचं मशीन आलं, उरलेल्यात एक कंपाउंड, एक पॉलिश आणि फक्त दोन पॅडं. ही माझी पहिली चूक.

अख्ख्या गाडीला दोन पॅडं पुरत नाहीत. पॅडमध्ये निघालेला क्लिअर आणि जुनं पॉलिश साचत जातं, ओलं होऊन जड होतं, गरम होतं. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत एका पॅडचा मधला भाग इतका तापला की मागचं चिकटणारं कापड फोमपासून सुटलं. त्यानंतरचा अर्धा दिवस दुसरी पॅडं मिळवण्यात गेला. आज मला विचारलं तर मी त्याच पैशांत मशीन अकरा-बारा हजारांच्या आतलं बसवीन आणि सहा-सात पॅडं, दोन पॉलिशं, डझनभर चांगली मायक्रोफायबर कापडं, क्ले (रंगाला चिकटलेले कण ओढून काढणारी माती) आणि तेलकटपणा पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घेईन. चरा प्रत्यक्ष कापतात ते पॅड आणि पॉलिश. मशीन त्यांना फक्त हलवतं.

पॅडच्या रंगावर विसंबू नये, हेही तेव्हाच कळलं. एका कंपनीचं केशरी पॅड कडक असतं, दुसऱ्या कंपनीचं मध्यम. रंगांबाबत सर्वमान्य असं काहीच ठरलेलं नाही. बोटानं दाबून बघावं आणि पाकिटावर काय लिहिलंय ते वाचावं.

प्रत्यक्ष काम

गाडी दोनदा धुतली. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू दिली, मग शाम्पू. हातानं चाचपलं तर टप खरखरीत लागत होता. क्लेनं चिकटलेले कण काढले. हे न करता मशीन फिरवलं, तर तेच कण पॅडखाली अडकून नवे चरे पाडतात. प्लास्टिकच्या पट्ट्या, रबर, बॅज आणि सगळ्या उठावदार रेघांवर चिकटपट्टी लावली.

मग उजव्या पुढच्या दारावर दीड फुटाचा चौकोन आखला आणि आधी सगळ्यात सौम्य जोडी वापरून बघायची ठरवली: मऊ फोम आणि बारीक पॉलिश. जे काम सौम्यानं होतं त्याला तिखट लावायचं नाही. पण इथं घाई आडवी आली. संध्याकाळ होत होती, मॅडमना परवा गाडी हवी होती आणि मी म्हणालो, "जाळी दाट आहे, सरळ मायक्रोफायबरचं कापणारं पॅड लाव." ही माझी दुसरी चूक. चरे गेले, पण काळ्या रंगावर धुक्यासारखी पांढुरकी झाक उरली. ती काढायला मऊ फोमचा आणखी एक पूर्ण हात द्यावा लागला. त्या चौकोनात जितका क्लिअर जायला हवा होता त्याच्या दुप्पट तरी गेला असेल. दुसऱ्या चौकोनात मध्यम फोम आणि बारीक पॉलिश वापरलं, तर एकाच हातात नव्वद टक्के चरे गेले आणि झाकही उरली नाही. पहिल्यांदाच तसं करायला हवं होतं.

पुढं सगळी गाडी त्याच जोडीनं झाली. पॅडवर मटारच्या दाण्याएवढे चार थेंब, एक नंबरवर पसरवणं, मग डायल चार-पाचवर. हात सावकाश, सेकंदाला साधारण एक इंच, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, आधी उभा मग आडवा. चार ते सहा फेऱ्या, की पुसायचं. प्रत्येक पॅनलनंतर पॅड कॉम्प्रेसरच्या हवेनं झटकायचं. टायरसाठी घेतलेला कॉम्प्रेसर इथं फार कामी आला. प्रत्येक चौकोनाला पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून टॉर्च लावायची. हा पुसण्याचा टप्पा मी त्यांना वगळू दिला नाही. तेलकट भर निघून गेल्यावर जे दिसतं तेच खरं काम. मिस्त्रींच्या वेळी नेमकं हेच राहिलं होतं.

बोनेटवर आम्ही थांबलो. मध्यभागी मऊ फोम आणि बारीक पॉलिशनं फक्त होलोग्राम काढले. पुढच्या ८३ मायक्रॉनच्या कडेला मशीन लावलंच नाही, हातानं हलकं पॉलिश केलं. तिथं थोडी जाळी आजही आहे. मॅडमना गेजचा आकडा दाखवून आधीच सांगितलं होतं. रंगवलेल्या डाव्या दारावर क्लिअर भरपूर असल्यामुळे जरा मोकळेपणानं काम करता आलं, पण किल्लीचा चरा नखाला लागत होता. तो बोथट झाला, गेला नाही.

दोन अडचणी कागदावर कुठं नव्हत्या. पहिली विजेची. पंप सुरू झाला की शेडमधला व्होल्टेज खाली यायचा आणि मशीनचा आवाज बदलायचा. त्यात वायर लांब आणि बारीक होती. जाड तारेची, आखूड एक्स्टेंशन आणली आणि पंप बंद असतानाच पॉलिश करायचं ठरलं. दुसरी धुळीची. शेड उघडी, बाजूला रस्ता. एसटी गेली की धूळ उडायची आणि ओल्या पॉलिशवर बसायची. दुपारी तीन वाजता काम थांबवलं आणि रात्री नऊनंतर, रस्ता शांत झाल्यावर, जमिनीवर पाणी शिंपडून पुन्हा सुरू केलं. दीड दिवसाचं काम तीन रात्री चाललं.

फडक्याचा शोध

तिसऱ्या रात्री गाडी पूर्ण झाली. सकाळी मी मशीन आवरत होतो. रॅम्पवर नवीन पोरगं दुसरी गाडी धूत होतं. त्यानं स्पंजानं चाकं घासली, तोच स्पंज बादलीत बुडवला आणि दारावर फिरवला. बादलीच्या तळाशी हात घातला तर मूठभर वाळू.

मी थोरल्याला ती वाळू दाखवली. तो बराच वेळ गप्प राहिला. मॅडमच्या गाडीवरच्या जाळीचा मोठा वाटा वॉचमनच्या फडक्याचा असेल, पण दर पंधरा दिवसांनी गाडी याच रॅम्पवर येत होती. ज्या सेंटरनं चरे काढायचं मशीन घेतलं, तेच चरे पाडतही होतं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय त्या सकाळी झाला आणि त्याला हजार-दीड हजारांपेक्षा जास्त खर्च आला नाही. चाकांसाठी वेगळी लाल बादली आणि वेगळा ब्रश. अंगासाठी दोन बादल्या, एक शाम्पूची, एक धुवायची. स्पंज बंद, मायक्रोफायबरचे हातमोजे सुरू. पुसायची कापडं वेगळी धुवायची आणि जमिनीवर पडलं तर ते कापड त्या दिवसापुरतं बाद. हे मी आधी बघायला हवं होतं. रंग मोजायच्याही आधी रॅम्पवर एक तास नुसतं उभं राहिलो असतो, तरी दिसलं असतं.

मॅडमनी वॉचमनला पगारवाढ दिली आणि फडकं काढून घेतलं. आता तो गाडीला हातच लावत नाही.

निकाल

तीन वॉशनंतर आणि पुन्हा दोन महिन्यांनी गाडी त्याच टॉर्चखाली बघितली. होलोग्राम नाहीत. बोनेटची पुढची कड आणि किल्लीचा चरा सोडला तर जाळी परतलेली नाही. हातमोज्यांमुळे काही मोजके बारीक चरे नवीन आहेत, आणि ते होणारच. शून्य चरे हे फक्त झाकून ठेवलेल्या गाडीवर जमतं.

सेंटरवर आता महिन्याला दोन-तीन पॉलिशची कामं होतात, त्याहून जास्त धाकटा घेत नाही. थोरल्याला आकडा वाढवायचा आहे. धाकट्याचं म्हणणं असं की रात्रीच काम होतं आणि एका गाडीला दोन रात्री लागतात. या वादात मी धाकट्याच्या बाजूनं आहे. नख अडकणारे चरे घेऊन येणाऱ्यांना ते सरळ मिस्त्रींकडं पाठवतात. मिस्त्री रंग मारतात, रोटरीनं पेपरच्या रेघा काढतात आणि काळी गाडी असेल तर शेवटच्या हातासाठी ती परत यांच्या डीएकडं येते. मागच्या खेपेला मिस्त्रींनी स्वतः टॉर्च लावून बघितलं आणि मला म्हणाले, "गुदगुल्यांनं पट्टे गेलं बगा."

पोरं मशीन हातात घेतात, पण आधी भंगारातल्या त्या बोनेटवर. ते अजून शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलं आहे, रोटरीनं बेस लागलेली जागा खडूनं वर्तुळ करून.

आता प्रश्न उरलाय तीन इंची छोट्या मशीनचा. दरवाजाच्या हँडलखालचे खळगे, आरसे, काचेशेजारचे खांब आणि नंबरप्लेटभोवतीची जागा पाच इंची पॅडला साधत नाही. तिथं हातानं केलं जातं आणि ते कमी पडतं. थोरला म्हणतो पुढच्या हंगामात घेऊ. धाकट्यानं त्याच पैशांत शेडला तीन बाजूंनी पडदे लावायचं म्हटलंय. मला विचारलं, तर मी पडदे म्हणालो. राखेचा हंगाम जवळ आला आहे.